सकाळच्या रेघा

एका पायजम्यापायी एवढा घोळ झाला असं सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. न ठेवो. ज्याने कधी दोन जड पडलेले पाय एकट्याने पायजम्यात घातले नाहीत, त्याला काय कळणार पायजमा म्हणजे काय चीज असते! एक पाय आत सरकतो तोवर दुसरा पलंगावरून खाली लोंबतो. तो उचलावा तर पहिल्याची टाच शिवणीत अडकते. मग माणसाला कुशीवर वळवा, मागून ओढा, पुन्हा पाठीवर आणा, पुढून ओढा, नाडी बांधा. तोवर आपल्याच कमरेत अशी कळ उठते की बोलायची सोय नाही. ताई हे रोज सकाळी करायची आणि वर दिवसभर लाँड्रीत उभी राहून लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची.

तिला सगळे ताईच म्हणायचे. भाऊ म्हणायचा म्हणून शेजारी म्हणायला लागले, शेजारी म्हणायचे म्हणून लाँड्रीचे मालकही. वयाने ते तिच्याहून चांगले मोठे, पण त्यांचीही ताईच. आणि भाऊ छोटू. चाळिशी उलटली, डोक्यावरचं पीक केव्हाच गेलं, तरी छोटूच. घरातला धाकटा म्हणून एकदा नाव पडलं ते चिकटलं.

छोटू रंगारी होता. लोकांची घरं रंगवायचा, बाहेरून आतून. मागच्या वर्षी एका भिंतीवर शेवटचा हात देताना शिडी सरकली आणि तो पाठीवर पडला. कण्याला मार बसला, कमरेखाली सगळं सुन्न. डॉक्टर म्हणाले, आतली दोरी पूर्ण तुटलेली नाही, पुढचं काही सांगता येत नाही. ताईने ते वर्ष त्या ‘काही सांगता येत नाही’वर काढलं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, आईवडील नाहीत. दोन खोल्यांत ती आणि छोटू. करणार कोण? तीच.

सकाळी उठून चहा टाकायचा. मग गरम पाण्यात टॉवेल पिळून छोटूचं अंग पुसायचं. वरचं अंग तो स्वतः पुसायचा, पाय ताई पुसायची, आणि तेवढा वेळ छोटू छताकडे बघत बसायचा. सख्खी बहीण झाली तरी लाज ती लाजच. म्हणून पुसून झालं रे झालं की आधी पायजमा. मग व्यायाम. एक हात टाचेखाली, एक गुडघ्याखाली, पाय दुमडून पोटाकडे न्यायचा, सरळ करायचा, पुन्हा दुमडायचा. असं एका पायाचं, मग दुसऱ्याचं. नाही केलं तर सांधे आखडतात, असं मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पाय तरी केवढे! शिड्या चढून चढून कमावलेले, आता नुसते वजनाला उरलेले. पहिले काही फेरे नीट व्हायचे. पुढेपुढे ताईच्या उजव्या दंडात गोळा यायचा, इस्त्रीचाच दंड तो, आणि शेवटी पाय पोटापर्यंत न जाता अर्ध्यातूनच परत यायचा.

“बस झालं,” छोटू म्हणायचा. “तुझा व्यायाम झाला, माझं काय?”

“गप पड,” ताई म्हणायची आणि पलंगाच्या कडेवर बसून धापा टाकायची.

मॅडम म्हणजे रुग्णालयातल्या व्यायामाच्या बाई. फिजिओथेरपी हा शब्द ताईच्या तोंडात कधी नीट बसला नाही, म्हणून मॅडम. अंगाने किरकोळ, चालणं झपझप, बुटांचा चूंचूं आवाज आधी यायचा आणि मॅडम मागून. त्यांची खोली तळघरात होती. भिंतभर आरसा, जमिनीवर गाद्या, कोपऱ्यात मोठाले रबरी चेंडू आणि मधोमध उभं राहायला शिकवायच्या दोन समांतर दांड्या. त्या दांड्यांना सगळे ‘बार’ म्हणायचे. छोटू पहिल्यांदा ते ऐकून म्हणाला होता, “बारमध्ये उभं राहायला मी कधीही तयार आहे.” मॅडम हसल्या होत्या. ताईला मेलीला हसूही आलं नव्हतं, इतकी ती त्या दिवशी दमली होती.

तर एके दिवशी मॅडमनी एक डबा उघडला. आत काळे पट्टे, लवचीक, चिकटपट्टीचे, आणि प्रत्येक पट्ट्यावर काडेपेटीएवढी पांढरी डबी.

“हे सेन्सर,” मॅडम म्हणाल्या. “दोन मांड्यांना, दोन पोटऱ्यांना. पाय किती वाकला, किती वेगाने, किती वेळा, सगळं आत नोंदलं जातं. इथे माझ्यासमोर दादा अर्धा तास असतात, त्यात घाबरलेले. घरी दिवसभर पाय काय करतात ते मला बघायचंय. झोपेत एखादा झटका येतो, बसताना मांडी दाबली जाते. डोळ्यांना दिसत नाही, याला दिसतं.”

“म्हणजे माझ्या पायांवर पाळत,” छोटू म्हणाला.

“तसंच समजा. पंधरवडाभर. आणि ताई, नीट ऐका.” मॅडमनी बोट वर केलं. “पट्टे कातडीवर बसले पाहिजेत, कपड्यावरून चालणार नाही. अंग पुसताना काढा. आणि तुम्ही हाताने व्यायाम देता ना, तेव्हाही काढलेलेच ठेवा. नाहीतर तुम्ही हलवलेला पाय मशीनला त्यांनीच हलवल्यासारखा वाटेल.”

ताईने मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

पुढे मॅडमनी जे सांगितलं ते मात्र ताईने कान देऊन ऐकलं. वरच्या मजल्यावर एक विभाग होता. तिथे पेशंटला ठेवून घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ मेहनत करून घ्यायचे, उभं राहायला शिकवायचे. जेवण, आंघोळ, कपडे, सगळं तिथलीच माणसं बघायची. खाटा मोजक्या आणि रांग लांब. ज्याच्या पायात स्वतःची थोडीतरी हालचाल असेल त्यालाच घ्यायचे, कारण शिकवायला काहीतरी धरायला लागतं. “एक खाट रिकामी होतेय,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्यासाठी आणि आणखी एकासाठी मी शब्द टाकलाय. रेघा बघून ठरेल.” मग त्यांनी ताईकडे निरखून पाहिलं. “आणि तुम्हालाही जरा झोप मिळेल हो. आरशात बघितलंय का स्वतःला?”

भिंतभर आरसा समोरच होता. ताईने बघितलं नाही.

झोप! हा शब्द तिच्या डोक्यात असा घुसला की घरी जाईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही. सकाळी पाणी तापवायचं नाही, पायजमा नाही, अपरात्री “ताई, कूस” अशी हाक नाही. आपण पलंगावर पडलोय आणि उठायचं नाहीये. एवढंच चित्र. त्यात दुसरं काहीही नव्हतं, आणि याची तिला थोडी लाजही वाटली.

पहिल्या दिवशी तिने सगळं बैजवार केलं. पट्टे काढले, अंग पुसलं, पायजमा घातला, व्यायाम दिला. आणि मग लक्षात आलं की पट्टे कातडीवर बांधायचे म्हणजे पायजमा पुन्हा काढायचा. काढला. मांड्यांना पट्टे, पोटऱ्यांना पट्टे, पुन्हा पायजमा. आत जाईना, ओढेना, छोटूचा पाय घसरला तो तिच्या नडगीवर. ती कळवळली, छोटू ओशाळला, चहा उतू गेला. लाँड्रीत पोचायला इतका उशीर झाला की मालक काही बोलले नाहीत, नुसतं घड्याळाकडे बघत राहिले. बोलले असते तर परवडलं असतं.

“उद्या आधी व्यायाम घे, पायजम्याशिवाय,” ती संध्याकाळी म्हणाली. “टॉवेल टाकते अंगावर.”

छोटूचा चेहरा पडला. “टॉवेल राहतो होय जागेवर? पाय पोटाशी नेणार तू.” मग जरा वेळाने म्हणाला, “घे. काय करणार!”

त्याने ते अशा आवाजात म्हटलं की ताईने तो बेत तिथेच सोडला. माणसाचे पाय गेले, काम गेलं, आता तेवढीही झाकायची सोय ठेवायची नाही का? दुसऱ्या दिवशी तिने अंग पुसलं, पट्टे बांधले, त्यावर पायजमा चढवला आणि व्यायाम दिला. पट्टे आतच. एवढ्याने काय होतंय! एवढं हुशार मशीन, झोपेतला झटका ओळखतं, त्याला माझे हात आणि त्याचे पाय यांतला फरक कळणार नाही? कळेलच की.

छोटू काही बोलला नाही. तिनेही विषय काढला नाही. आणि मग रोज तसंच होत गेलं, कारण थकलेल्या माणसाला एकदा सोपी वाट सापडली की तो तीच धरतो, दुसरी असते हे विसरूनच जातो.

त्याच पंधरवड्यात ताईने एक शर्ट जाळला. पांढरा, नवाकोरा, कुणाच्यातरी समारंभाचा. कॉलरवर इस्त्री टेकवली आणि उभ्या उभ्या डोळा लागला. वास आला तेव्हा शेजारच्या टेबलावरची बाई ओरडली. मालकांनी शर्ट हातात धरून उजेडात बघितला, कॉलरच्या जागी इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी डाग. “ताई,” ते म्हणाले, “तुम्ही आजारी आहात का?” ती नाही म्हणाली. आजारी असती तर निदान सांगता तरी आलं असतं. घरी येऊन तिने छोटूला हे हसत हसत सांगितलं. तो हसला नाही.

पंधरवडा संपला. मॅडमनी डब्या संगणकाला जोडल्या आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर चार रंगांच्या रेघा होत्या, दिवसभराच्या, बहुतेक आडव्या पडलेल्या. आणि सकाळी, रोज सकाळी, त्या उठून बसत होत्या. वर, खाली, वर, खाली, ओळीने.

“बघा!” मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. “सकाळी पाय वाकतोय, सरळ होतोय. दोन्ही. मला वाटलं नव्हतं हो इतकं. आणि ही गंमत बघा.” त्यांनी पेनाचं टोक रेघेवर ठेवलं. “सुरुवातीला उंच जाते. मग जरा कमी, आणखी कमी, शेवटी अर्ध्यातच बसते. म्हणजे थकवा येतोय. थकवा येतो तो मेहनत करणाऱ्याला. स्नायू काम करताहेत दादा, मनापासून काम करताहेत!”

ताईच्या उजव्या दंडात, नेमक्या त्याच जागी, गोळा आला. त्या रेघेचा एकेक चढ तिने ओळखला. हा पहिला, सोपा. हा मधला, जिथे ती दात आवळायची. आणि हा शेवटचा, जिथून पाय परत यायचा. पडद्यावर छोटू नव्हताच, सगळी तीच होती. मशीनला फरक कळला नव्हता.

“सोमवारी या,” मॅडम म्हणत होत्या. “खाट तुमची. एवढी ताकद असेल तर वरून टांगायचा आधार लावून वेळ घालवायचा नाही, थेट बारमध्ये उभं करू. आणि ताई, तुम्ही घरी जाऊन झोपा. अगदी पोटभर.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. पण ‘झोपा’ म्हटल्यावर तिचे डोळे असे भरून आले की मॅडमना वाटलं आनंदाने आले, त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. ताई मूग गिळून बसली. छोटू पडद्याकडे बघत होता, बराच वेळ. मग म्हणाला, “चला, म्हणजे बारमध्ये प्रवेश मिळाला.”

घरी तो नुसता उधळला होता. खिडकीतून शेजारच्या मावशींना हाक मारून सांगितलं, सोमवारी मी चाललो, उभा राहूनच परत येणार. मावशी दुपारी त्याला बघायला यायच्या, त्यांनी पदराने डोळे पुसले. छोटूने ताईला माळ्यावरची त्याची रंगाची टोपी काढायला लावली, ठिपक्याठिपक्यांनी कडक झालेली. “ही घालून उभा राहीन,” म्हणाला. ताईने टोपी झटकली आणि पिशवीत ठेवली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सांगावं तर त्याचा सगळा आनंद आपल्याच हाताने विझवायचा. न सांगावं तर सोमवारी त्याला त्या दोन दांड्यांमध्ये उभा करणार, आधार न लावता, आणि पाय ‘मनापासून काम’ करताहेत असं समजून हात सोडणार. मग काय होणार ते कळायला मशीन लागत नाही. पुन्हा कणा. उरलीसुरली दोरी. आणि सांगितलं तर खाट गेली, म्हणजे सकाळचं पाणी, पायजमा, कूस, सगळं आहे तिथेच. तिने स्वतःला विचारलं, बाई गं, तुला नक्की काय जड जातंय, त्याचा आनंद मोडणं की तुझी झोप? उत्तर तिला माहीत होतं. दोन्ही. आणि दुसरं जरा जास्तच. त्याचा तिला असा राग आला की तिने पिशवीतले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालायला सुरुवात केली.

रविवारी दुपारी तिसऱ्यांदा त्याच पायजम्याची घडी घालताना ती थांबली.

“छोटू, उद्या जायचं नाही.”

“का? लाँड्रीत सुट्टी नाही?”

“त्या रेघा तुझ्या नव्हत्या रे.” तिने घातलेली घडी मोडली. “मी पट्टे न काढताच व्यायाम द्यायचे. मॅडमनी सांगितलं होतं काढायला. दोनदा पायजमा चढवायला माझ्याने होईना. ते सगळं मी हलवलेलं आहे. तुझा पाय... तुझा नाही हलला.”

ती खाली बघत उभी राहिली. आता तो रडेल, किंवा वस्तू फेकेल, किंवा गप्प होईल, आणि गप्प झालेलं तर तिला अजिबात बघवणार नव्हतं.

“माहीत आहे,” छोटू म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“अगं, मी काय बेशुद्ध असतो का सकाळी? पाय माझे, पट्टे माझ्या अंगावर, मॅडम बोलल्या तेव्हा मी समोर बसलेलो. आधी वाटलं विसरलीस. मग रोजच तसं व्हायला लागलं तेव्हा कळलं.”

ताई पायजमा हातात धरून तशीच उभी. “आणि तू बोलला नाहीस?”

“नाही.”

“त्या खोलीत बसून हसलास! टोपी काढायला लावलीस! मावशींना रडवलंस!”

“मग काय तोंड पाडून बसायचं होतं? तू लगेच ओळखलं असतंस.” त्याने चादरीवरचा दोरा चिमटीत धरून ओढला. “ती शेवटी खाली बसलेली रेघ बघितलीस ना? मी ती रोज बघतो. मशीनची गरज नाही मला. तू पलंगाच्या कडेवर बसतेस तेव्हा तुझी मान कशी लटकते ते तुला दिसत नाही, मला दिसतं. परवा कॉलर जाळलीस. उद्या हात जाळशील. मला वाटलं, खाट मिळतेय तर मिळू दे. मला तिथे जायची हौस नव्हती, ताई. अनोळखी माणसांनी पायजमा घालायचा म्हणजे... पण तू झोपली असतीस.”

“आणि तू पडला असतास!” ताई आता खरोखर ओरडली. वर्षभरात ओरडली नव्हती ते सगळं त्यात आलं. “आधार न लावता उभं करणार होते तुला, कळतंय का? गाढवा! मेला असतास म्हणजे मी काय छान झोपले असते?”

“शिडीवरून पडलेला माणूस मी. जमिनीवरून पडून पडून किती पडणार?”

“थोबाड फोडीन,” ताई म्हणाली आणि त्याच्या पलंगावर बसून पायजम्यात तोंड खुपसून रडली. छोटूने हात लांब केला, तिच्या पाठीपर्यंत पोचला नाही, मग दंडावर ठेवला. उजव्याच.

सोमवारी ते दोघं गेले ते पिशवी न घेता. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांचा चेहरा उतरला, मग त्या चिडल्या, आणि चिडणं बरोबरच होतं. “अहो, मी त्यांना हात सोडून उभं केलं असतं! कळतंय का तुम्हाला?” ताई म्हणाली, कळतंय. मॅडमनी पडदा वळवला, सकाळचा तेवढा भाग गाळला आणि उरलेल्या रेघा मोठ्या केल्या. डाव्या मांडीत दुपारी केव्हातरी, बसताना, बारीकशी थरथर. ती त्याची होती. उजवीकडे जवळजवळ काही नाही. मॅडमनी पुन्हा पुन्हा मागेपुढे करून बघितलं, पण नसलेलं कुठून आणणार!

“खाट दुसऱ्यांना जाईल,” त्या शेवटी म्हणाल्या. आवाज उतरला होता. “त्यांचं हे एवढं तरी जास्त आहे. पुढची केव्हा रिकामी होईल ते मला सांगता येत नाही. पुन्हा पट्टे बांधा. पायजमा नको, अर्धी चड्डी घाला, सैल. व्यायाम आधी, पट्टे नंतर, खालूनच चढतील. हे मलाच सुचायला हवं होतं.” मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “कुणी तुम्हाला विचारलंच नाही हो, घरी कपडे कसे घालता म्हणून. मीही नाही.”

अर्धी चड्डी. वर्षभर दोघांच्या डोक्यात आली नव्हती. छोटू रंगाच्या कामावरही पूर्ण पायजम्यात जायचा, त्यामुळे पायजमा सोडून दुसरं काही असतं हे या घराला माहीतच नव्हतं. वाटेत चाकाची खुर्ची ढकलताना ताईला एकदम हसू फुटलं, असं की तिला थांबावं लागलं. छोटू म्हणाला, “हस, हस. वर्षभर नाडी बांधत होतीस.” हसता हसता तिला पुन्हा रडू आलं. येणारेजाणारे बघत होते, बघोत. मग डोळे पुसून तिने खुर्ची पुढे लोटली. चढ होता आणि तिच्या दंडात आधीपासूनच गोळा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तापलं, अंग पुसून झालं, जुन्या पायजम्याचे पाय कापून केलेली चड्डी चढली. खरंच झटक्यात चढली. ताईने बाह्या सारल्या आणि टाचेखाली हात घातला.

“थांब,” छोटू म्हणाला. “आज आधी पट्टे बांध.”

“पुन्हा तेच? मॅडमनी काय सांगितलं?”

“तू व्यायाम देताना नको म्हणाल्या. तू देऊ नकोस. बांध आणि त्या खुर्चीत बस. टाचेखाली तो व्यायामाचा प्लास्टिकचा तक्ता सरकव, त्यावर जरा पावडर टाक, टाच घसरायला, मॅडमच्या खोलीत टाकतात तशी. मी बघतो. नाही झालं तर मग तू आहेसच, कुठे पळतेयस?”

“मला उशीर होईल.”

“होऊ दे. मालक घड्याळाकडे बघतील. बघू दे घड्याळाकडे.”

ताईने पट्टे बांधले, चर्रकन चिकटपट्टी ओढून. तक्ता सरकवला, पावडर भुरभुरली, त्याची टाच त्यावर ठेवली. मग ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, पाठ टेकून. किती दिवसांत पाठ टेकली नव्हती ते पाठीलाच माहीत. छोटूने ओठ आवळले, पलंगाची कड घट्ट धरली आणि पायाकडे असं बघायला लागला, की जणू आता तो पाय उठून उत्तर देणार आहे.

ताई बघत राहिली. पाय हलला नाही. छोटू थांबला, दम घेतला, पुन्हा कड धरली. त्याच्या कपाळावर घाम आला. तिच्या हाताला सवयीने उठावंसं वाटलं, टाचेखाली जावंसं वाटलं. तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले. मग केव्हातरी तिचे डोळे मिटले. नुसते मिटले, ती झोपली नव्हती. तिला सगळं ऐकू येत होतं: त्याचा दाबून सोडलेला श्वास, पलंगाचं कुरकुरणं, मग बराच वेळ काहीच नाही.

आणि मग पावडरीवर काहीतरी घासल्याचा बारीक आवाज. एकदाच. टाच सरकली, की त्याने हाताने चादर ओढली? तिला डोळे उघडून बघता आलं असतं.

“ताई?” छोटूने हळूच हाक मारली. “झोपलीस?”

ती ‘नाही’ म्हणणार होती. पण त्याने तो प्रश्न इतक्या आशेने विचारला होता की तिने उत्तर दिलं नाही, मान एका बाजूला कलू दिली, आणि जरा वेळाने खरोखरच झोपली.